लक्ष्मीविलास बकिंगहॅमच्या चौपट नाही

भाचीचे लग्न बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात ठरल्याबरोबर घरच्या व्हॉट्सॲप गटावर तो जुना संदेश पुन्हा फिरू लागला. राजवाडा बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे, तो पूर्ण होताच गणित चुकल्याच्या धास्तीने वास्तुविशारदाने जीव दिला आणि सयाजीराव महाराजांनी तो स्वतः योजून बांधला, असे त्यात म्हटले आहे. हाच मजकूर आता पत्रिकेवर छापायचे घाटत आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

‘चौपट’ला आधार म्हणून संदेशात लक्ष्मीविलासचे क्षेत्रफळ ३,०४,९२,००० चौरस फूट आणि बकिंगहॅमचे ८,२८,८२१ चौरस फूट दिले आहे. हे आकडे पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकानेही भागाकार करून पाहिलेला दिसत नाही, कारण तो केला तर उत्तर चार येत नाही, जवळजवळ सदतीस येते. पहिल्या आकड्याला एका एकराच्या ४३,५६० चौरस फुटांनी भागले की बरोबर ७०० एकर मिळतात, म्हणजे ती बागा, मैदाने आणि मोतीबागेसह सबंध आवाराची जमीन आहे. उलट बकिंगहॅमचा आकडा, ब्रिटिश राजघराण्याच्या अधिकृत माहितीनुसार, तळघरापासून छपरापर्यंतच्या सगळ्या मजल्यांचा मिळून सुमारे ७७,००० चौरस मीटर आहे. एकीकडे रान मोजायचे आणि दुसरीकडे फरशी, ही तुलनाच नव्हे. जमिनीशी जमीन ताडली तर बकिंगहॅमची बाग ३९ एकरांची, म्हणजे लक्ष्मीविलासचे आवार अठरापट भरते. खोल्या मोजल्या तर तिकडे ७७५ आणि इकडे १७०च्या आसपास सांगितल्या जातात. कोणत्याही मापाने चौपट येत नाही. आवार प्रचंड आहे आणि गायकवाड कुटुंब आजही तिथे राहते, एवढे मात्र खरे.

वास्तुविशारदाची गोष्ट मला अधिक खटकते, कारण ती एका मृत माणसाच्या आजारपणावर रचलेली आहे. राजवाडा आखणारे मेजर चार्ल्स मँट १८८१ साली वारले आणि राजवाडा रॉबर्ट चिझम या दुसऱ्या वास्तुविशारदाच्या हातून १८९०मध्ये पूर्ण झाला, तेव्हा ‘पूर्ण होताच’ जीव देणे शक्यच नव्हते. अखेरच्या काळात मँट यांचे मन ढळले होते आणि आपल्या इमारती कोसळतील या भीतीने त्यांना ग्रासले होते, असे वास्तुकलेच्या इतिहासात नमूद आहे. संदेशातले अर्धे सत्य तेवढेच. गणिताचा निकाल पाहायचा असेल तर त्यांनीच आखलेला आणि त्यांच्या पश्चात पुरा झालेला कोल्हापूरचा नवा राजवाडाही आज भक्कम उभा आहे.

राहिले सयाजीराव. काम मँट यांच्या हयातीत सुरू झाले, आणि महाराजांना राज्याधिकार मिळाले २८ डिसेंबर १८८१ रोजी. तोवर ते अल्पवयीन होते व कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत. पुढची सगळी वर्षे बांधकाम महाराजांच्या अमलात चालले, त्याचे श्रेय त्यांना द्यावेच, पण आखणी मँट यांची आणि ती तडीस नेली चिझम यांनी.