मिकी सुटला, चित्रकार अजून अडकलेलाच

१९२८ सालच्या ‘स्टीमबोट विली’मधला मिकी माउस १ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत कॉपीराइटमधून सुटला. पुढच्या वर्षी पॉपायही सुटला. तेव्हापासून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद अधूनमधून पेटतो. साताऱ्याचा माझा भाचा बालवाड्यांच्या भिंती रंगवून देतो. मिकी, डोनाल्ड, छोटा भीम, बाई सांगतील ते. तो म्हणतो, रंग माझा, मेहनत माझी, कंपनीचं काय गेलं? त्यावर पुण्याचे काका दरवेळी फ्लोरिडातल्या पाळणाघरांचा किस्सा काढतात आणि साक्षीला मला ओढतात, कारण मी ऑरलँडोत राहतो.

किस्सा खरा आहे. १९८९ मध्ये फ्लोरिडातल्या हॅलनडेल गावात तीन पाळणाघरांच्या भिंतींवरची मिकी, मिनी आणि मंडळी डिस्नेने काढायला लावली. मग युनिव्हर्सल स्टुडिओ आणि हॅना-बार्बेरा या कार्टून कंपनीने त्याच भिंतींसाठी आपली पात्रं देऊ केली आणि फुकटात नाव कमावलं. यावरून काका निकाल देतात, ‘तिकडे कलाकाराची कदर आहे.’ तिथेच माझं त्यांच्याशी बिनसतं. त्या भिंतींच्या भांडणात कलाकार होता कुठे? एका बाजूला पाळणाघर होतं, दुसऱ्या बाजूला कंपनी.

कदर म्हणायची तर मिकीच्या जन्माचीच गोष्ट बघा. १९२७ मध्ये वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने ऑस्वल्ड नावाचा ससा काढला. तो चालला. १९२८ मध्ये डिस्ने जास्त पैसे मागायला न्यूयॉर्कला गेला, तर वितरक चार्ल्स मिंट्झने उलट रक्कम कमी करू म्हणून सांगितलं. डिस्नेचे बहुतेक चित्रकार त्याने आधीच आपल्याकडे वळवले होते. आणि करारानुसार ससा होता युनिव्हर्सलचा. मिकी जन्मला तो या ठेचेतून. ऑस्वल्ड डिस्नेकडे परत आला थेट २००६ मध्ये, तोही एका क्रीडा समालोचकाच्या बदल्यात! डिस्नेच्या मालकीच्या एबीसी-ईएसपीएन वाहिन्यांनी अ‍ॅल मायकल्सला युनिव्हर्सलच्या घरच्या एनबीसीकडे जाऊ दिलं, त्या सौद्यात ससा घरी आला.

ज्याला स्वतःला अशी ठेच लागली, त्याच्या स्टुडिओत तरी चित्रकाराच्या नावावर काही लागलं का? मिकीला कागदावर उभा केला अब आयवर्क्सने. सुरुवातीच्या फिल्म्सची बहुतेक चित्रं एकट्याच्या हातची. १९३० मध्ये तो स्टुडिओ सोडून गेला तेव्हा त्याचा वीस टक्के हिस्सा तीन हजार डॉलरांच्या आत विकत घेतला गेला. दहा वर्षांनी तो पुन्हा तिथेच नोकरीला आला. सुपरमॅनचे दोघे, जेरी सीगल आणि जो शूस्टर, यांनी १९३८ मध्ये कॉमिक्स छापणाऱ्या कंपनीला १३० डॉलरांना पात्र विकलं. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, हाल झाले, आणि १९७५ मध्ये आरडाओरडा झाल्यावर कंपनीने वार्षिक वीस हजार डॉलरांचं पेन्शन आणि श्रेयनामावलीत नाव दिलं.

अमेरिकेचा कायदा या सगळ्या काळात कॉपीराइटची मुदत तेवढी वाढवत राहिला. १९७६ मध्ये ती पंचाहत्तर वर्षांवर गेली. मिकी सुटायला पाच वर्षं उरली असताना, १९९८ मध्ये, ती पंचाण्णव झाली. खासदार सॉनी बोनोचं नाव असलेल्या या कायद्याला लोक मिकी माउस कायदाच म्हणतात. घटनेत तर ‘मर्यादित काळासाठी’ असं स्वच्छ लिहिलंय. त्याच्या आधारे या वाढीविरुद्ध एल्ड्रेड खटला झाला आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मताने वाढ मान्य केली. आयवर्क्स १९७१ मध्येच गेला होता. गंमत म्हणजे ‘स्टीमबोट विली’चं नावही उसनं, बस्टर कीटनच्या त्याच वर्षीच्या चित्रपटावरून घेतलेलं, आणि आत वाजते ती चाल जुनी लोकधून.

सुटला म्हणजेही पूर्ण सुटला नाही. २०२४ मध्ये मोकळा झाला तो कृष्णधवल, हातमोजे नसलेला मिकी. मोजे १९२९ मध्ये आले, ते मोकळे व्हायला २०२५ उजाडलं. शिवाय ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारी चिन्हाचा हक्क, आहेच, आणि त्याला अशी मुदत नसते, वापरात राहील तोवर तो चालतो. इथल्या आमच्या गणेशोत्सवाच्या पोस्टरवर एकाने गणपतीशेजारी मोज्यांचा मिकी बसवला होता. मंडळातल्या वकील मुलीने तो छपाईआधी उडवला आणि त्या जागी साधा उंदीर काढून घेतला. आमच्या कमिटीत त्या वर्षी एकमताने झालेली ही एकच गोष्ट असावी.

आता आपल्याकडे वळतो. मुदत वाढवायचा मोह आपल्यालाही झाला आहे. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले. पन्नास वर्षं भरत आली तेव्हा त्यांच्या विश्वभारती संस्थेचे हक्क टिकावेत म्हणून दहा वर्षं वाढवली गेली, आणि मृत्यूनंतर साठ वर्षं हा नियम साऱ्या देशाला लागला. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तकं २०११ पासून कुणालाही छापता येतात. त्यात कुणाचं काही बिघडलं, असं मला दिसत नाही.

पण काकांना मी ज्याकडे बघा म्हणतो, ती कलमं वेगळी आहेत. अमेरिकेत नोकरीत काढलेल्या चित्राचा कर्ता कायद्याच्या नजरेत मालकच असतो. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार वृत्तपत्राच्या किंवा मासिकाच्या नोकरीत काढलेलं चित्र नियतकालिकात छापण्यापुरतंच मालकाचं. बाकी हक्क, वेगळा करार नसेल तर, चित्रकाराचा. (पैसे देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगबाबत मात्र आपलाही कायदा पैसे देणाऱ्याकडेच झुकतो. ते बदलायला हवं.) कलम ५७ तर चित्र विकल्यानंतरही नावाचा आणि विद्रूपीकरणाविरुद्धचा हक्क कलाकाराकडे ठेवतं. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सहगलांच्या बाजूने निकाल दिला. इथे अमेरिकेत १९९० च्या कायद्याने मूळ चित्रं-शिल्पांना थोडं संरक्षण दिलं, पण नोकरीत काढलेल्या कार्टूनच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

म्हणून भाच्याला मी मिकीवरून फार बोललो नाही. कंपनी साताऱ्याच्या बालवाडीत येणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. मला काळजी आहे ती त्याच्या स्वतःच्या पात्राची. फेटा बांधलेलं एक खारीचं पिल्लू तो हल्ली भिंतींवर काढतो, मुलांना आवडतं, आणि एका अ‍ॅपवाल्यांनी ते मागितलं आहे. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलं नसेल, तर कलम १९ प्रमाणे पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर वेगळं ठरलेलं नसल्यास तो संपतो. त्याने मला कराराची पीडीएफ पाठवली. तिसऱ्या पानावर मुदतीपुढे ‘कायमस्वरूपी’ आणि प्रदेशापुढे ‘संपूर्ण जग’ असं आधीच छापलेलं आहे.