मी सध्या धरलेला आहे

मी जर्मनीत नेमक्या कोणत्या शहरात शिकतो ते सांगत नाही. इथे राहण्याचं नवं परमिट अजून हातात पडायचंय.

पुण्याहून निघताना वाटलं होतं, व्हिसा मिळाला की सुटलो. वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटात कोंडले. पैसे आपलेच, पण महिन्याला फक्त ९९२ सुटतात. लहानपणी आई माझ्या ओवाळणीचं हेच करायची. इथे आल्यावर कळलं, व्हिसा ही नुसती लग्नपत्रिका. संसार परदेशी नागरिकांच्या कार्यालयाशी करायचाय.

परमिट मार्चअखेर संपणार होतं. जानेवारीपासूनच 'टेर्मीन', म्हणजे अपॉइंटमेंट शोधायला बसलो. कुणी म्हणे, स्लॉट सकाळी सातला उघडतात. कुणी म्हणे, रात्री बारानंतर. तत्काळ तिकिटांवर वाढलेला मी, दोन्ही वेळा बसलो. एकदा ९:४०चा दिसला. आडनाव सहस्रबुद्धे. इंग्रजी स्पेलिंगच्या दुसऱ्या 'एच'पाशी पोचेपर्यंत कुणा दोन अक्षरी आडनावाच्या भाग्यवंताने तो उचलला.

शेवटी अर्ज ऑनलाइन सोडून दिला. मुदतीच्या आत अर्ज गेला असेल, तर निकाल लागेपर्यंत जुनं परमिट चालू आहे असं इथला कायदा धरून चालतो. त्या धरून चालण्याचा कागद मिळतो, त्याला म्हणतात फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. म्हणजे चक्क फिक्शनचा दाखला! हिरवट, घडीचा, आत तीन चौकटी. तिसरीत फुली असेल तरच देशाबाहेर जाऊन परत येता येतं. वरच्या चौकटींत असेल तर जायला कुणाची ना नाही, परत येण्याचं तेवढं बघा. आणि मे महिन्यात ताईचं लग्न.

कागद घ्यायला बोलावलं, तेव्हा काउंटरवरच्या बाईंचं पेन पहिल्या चौकटीवर थबकलं. मी ग्रामदेवतेला नारळ बोललो. मग त्यांना शिंक आली. त्यांनी नाक पुसलं, फाइल पुन्हा पाहिली आणि तिसरीत फुली मारली.

रात्री आईला फोन केला.

"म्हणजे तू तिथे आहेस की नाहीस?"

"आहे असं धरलंय."

"आणि भाडं?"

"ते खरं आहे."

आईने थोडा विचार केला. केटररला आकडा उद्याच द्यायचा होता.

"बरं," ती म्हणाली, "मग मीही तुझं एक पान धरते."