ऑक्सिमीटरवाले काका

सातवा महिना चालू आहे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून मी सकाळी बागेत चालते. एवढीच पार्श्वभूमी पुरे. कारण मला आज सकाळी जे झालं ते सांगायचंय आणि मी अजून धुमसतेय.

ट्रॅकवर समोरून काका आले. समोरून म्हणजे पाठमोरे, कारण ते उलटे चालतात, गुडघ्यांसाठी. त्यात त्यांनी अधूनमधून लोकांना धडका दिलेल्या मी पाहिल्यात, पण ते असो. जवळ आल्यावर मान वळवून माझ्या पोटाकडे बघितलं आणि रेल्वेच्या फाटकासारखा हात आडवा टाकला.

"थांबा. कितवा?"

"सातवा."

"आणि पळताय?"

मी पळत नव्हते. हल्ली मला ट्रॅकवरची कबुतरं ओव्हरटेक करतात. पण "अहो काका, चालतेय" म्हणेपर्यंत ते अहोजाहोवरून थेट "बस बाळ इथे"वर आले, मला बाकावर बसवलं आणि खिशातून झिपवाली छोटी पाऊच काढली. आत ऑक्सिमीटर. कोविडपासून लोकांनी मास्क टाकले, सॅनिटायझर टाकले, काकांनी ऑक्सिमीटर जपला.

"बोट."

आता कोणी इतक्या अधिकाराने बोट मागितलं की आपण देतो हो, शाळेपासूनची सवय.

"९८," काका म्हणाले, आणि शप्पथ सांगते, जरा हिरमुसलेच. मग दुसरा आकडा दिसला आणि चेहरा खुलला. "पल्स ११४! बघ! माझी ६२ असते."

मी म्हटलं काका, तुम्ही गरोदर नाही. पोटात बाळ असताना अंगातलं रक्तच चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, ते फिरवायला हृदय एरवीही जास्त ठोके मारतं, नुसतं बसलं तरी. शिवाय मी चालून आलेय. काका म्हणाले, १४० झाली की संपलं, त्यांनी वाचलंय. वाचलं असेलही, कारण १९८५ साली अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने खरंच १४० ची मर्यादा घातली होती. १९९४ साली काढूनही टाकली. पण काढल्याची बातमी काकांपर्यंत पोचली नाही.

एव्हाना हास्यक्लब सुटला होता. ऑक्सिमीटर दिसल्यावर माणसं कुठे जातात? बाकापाशी रांगच लागली. एक आजोबा "माझं पण बघा हो" म्हणत माझ्या शेजारी टेकले, एका काकूंनी पल्स कळल्याशिवाय घरी जायचं नाही असं ठरवलं, आणि मधोमध मी, बोटाला चिमटा, सगळ्यांच्या चर्चेचा विषय. मुलगा की मुलगी यावर दोन गट पडले. एकीने पोट बघून निकालही देऊन टाकला.

"पण वार खाली असली तर?" काकांना एकदम सुचलं. वार म्हणजे प्लासेंटा, बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती. तर अनोळखी माणसाला सकाळी साडेसहाला आपली वार कुठे आहे हे सांगायचं तेवढं राहिलं होतं, तेही सांगितलं. वर आहे. बीपी नॉर्मल आहे. पिशवीचं तोंड बंद आहे. यातलं काही बिघडलं असतं तर डॉक्टरांनीच चालायला मनाई केली असती, त्यांनी सोनोग्राफी बघून सांगितलंय, पोटाकडे लांबून बघून नाही. चक्कर आली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, छातीत दुखलं, एकच पोटरी सुजून दुखायला लागली, तर थांब आणि फोन कर, हेही सांगितलंय. उताणं पडून फार वेळ व्यायाम नको, पडायची भीती आहे असलं काही नको. बाकी आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल हवी, जागतिक आरोग्य संघटनाही गरोदर बायकांना तेच सांगते. आणि दम किती लागतोय ते कसं ओळखायचं? चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये.

आता या टेस्टची गोची अशी की काका असताना बोलता येतंय का ते कळतच नाही, आपला नंबरच लागत नाही.

शेवटचा प्रयत्न म्हणून सेरेना विल्यम्स काढली. जानेवारी २०१७, ऑस्ट्रेलियन ओपन, साधारण दोन महिन्यांची गरोदर, एकही सेट न हरता जिंकली.

"त्यांचं खाणं वेगळं," काका म्हणाले. आणि मग ते वाक्य आलं ज्यासाठी मी हा सगळा लेख लिहितेय. "व्यायामच हवा ना? घरी उकिडवं बसून फरशी पुसावी. झटक्यात नॉर्मल होते."

म्हणजे बघा. बागेत, सपाट ट्रॅकवर, बूट घालून, मोकळ्या हवेत चालणं डेंजर. ओल्या फरशीवर बादली सरकवत उकिडवं फिरणं मात्र सेफ, कारण त्यात फरशी स्वच्छ होते. बाईने स्वतःसाठी हातपाय हलवले की लोकांच्या पोटात गोळा येतो, घरासाठी हलवले की कौतुक. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताई दोन्ही बाळंतपणांच्या वेळी आठव्या महिन्यापर्यंत चार घरं करत होत्या, ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायका पोटुशी असताना फडात मोळ्या उचलतात, तिथे कोणी काका आडवा हात टाकत नाही. तिथे कोणाला पल्स बघावीशी वाटत नाही. नाही, म्हणजे मला चिडायचं नव्हतं, लेख विनोदी ठेवायचा होता. पण हार्मोन्स म्हणा हवं तर, सगळेच म्हणतात.

हो, आणि सेफ्टीचं म्हणाल तर खरी भीती बागेबाहेर आहे. पोट पुढे आल्याने तोल बदललेला, सांधे सैल पडलेले, स्वतःचे पाय दिसत नाहीत, बुटाच्या लेस नवरा बांधून देतो (दोन्ही पायांना वेगवेगळ्या गाठी, कारण विचारलेलं चालत नाही), आणि अशात फुटपाथवरचे उचकटलेले पेव्हर ब्लॉक. एकावर पाय ठेवला की दुसरा वर येतो. घरापर्यंतच्या त्या रस्त्यावर मला थांबवणारं, हात धरणारं कोणी नसतं.

बाकावरून एकदाची सुटका झाली ती त्या पल्सवाल्या काकूंमुळे, त्यांचा आकडा माझ्यापेक्षा मोठा निघाला आणि काकांचं लक्ष उडालं. मी जमेल तितक्या वेगाने, म्हणजे काकांच्या भाषेत पळत, गेटबाहेर पडले. फुटपाथवर एकेक ब्लॉक बघून पाय टाकत चालले होते तेवढ्यात मागून जोरात हॉर्न. दचकून भिंतीला चिकटले. फुटपाथवरूनच एक स्कूटर मला घासून पुढे गेली. वर काका. या वेळी सरळ दिशेने.

"जपून गं!" ओरडले, आणि सिग्नल तोडून गेले.