कायमचं गाडीत राहायचं म्हणजे पाण्याचं काय?

लेखात लिहिलंय की घर विकून कायमचं कॅम्परव्हॅनमधी, म्हणजे झोपायची, पाण्याची, संडासाची सोय असलेल्या गाडीत राहणं चार दिवसाच्या कॅम्पिंगपेक्षा भारी. मला पटलं नाही. आम्ही डिसेंबरात भाड्याची व्हॅन घेऊन म्हैसमाळला गेलतो, मजा आली, पण 60 लिटरची टाकी, आम्ही चौघं, दुसऱ्या दिवशी सकाळी नळातून नुसती हवा यायली, पोरगी तोंडाला साबण लावून उभी, मग बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं तिचं.

अमेरिकेत संडासाची टाकी खाली करायला डंप स्टेशन असतेत, आपल्याकडं तशी सोय कुठाय? आणि आम्ही लातूरचे, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय, दारात हक्काचा हौद असणं काय असतं ते आम्हाला विचारा. मे महिन्यात 42 डिग्रीत पत्र्याची गाडी तापती, एसी रात्रभर चालवायचा तर घरच्यासारखी लाईट लागती, एका सोलर प्लेटवर भागत नाही.

आमच्या बीडकडचे ऊसतोडवाले दसरा-दिवाळीला बिऱ्हाड घेऊन निघतेत, उन्हाळ्याच्या तोंडी परत येतेत, लेकरांच्या शाळेची किती आबाळ होती ते जवळून बघितलंय मी. म्हणून घर विका असं सहज लिहू नका हो. आम्ही फेब्रुवारीत परंड्याचा किल्ला बघायला परत व्हॅन घेणार, ह्यावेळी 20 लिटरचे दोन जार जास्तीचे.