स्वभावाला औषध नाही, म्हणून पूर्वग्रह खरे? त्या फॉरवर्डला उत्तर

एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: स्वभावाला औषध नाही, माणूस जन्मतो तसाच मरतो. अमुक लोक असेच आणि तमुक लोक तसेच, हे समज पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेत. ते चुकीचे असते तर उलटी उदाहरणं बघून कधीच गळून पडले असते, पडले नाहीत म्हणजे खरेच असणार. आणि एखाददुसरा वेगळा निघाला तर काय, अपवादानेच नियम सिद्ध होतो.

वाचायला एकदम पटतं, म्हणून तर लोक डोळे मिटून पुढे ढकलतात. एकेक मुद्दा घेऊ.

पहिला, स्वभाव बदलत नाही. हे अर्धं खरंय. त्याच माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहिलेल्या ९२ अभ्यासांचा एकत्र हिशोब २००६ मध्ये मांडला गेला, त्यात सरासरी माणूस वयाबरोबर जास्त जबाबदार आणि मनाने जास्त स्थिर होताना दिसला, आणि त्यातला बराचसा बदल विशी ते चाळिशीत. हां, लोकांची आपापसातली क्रमवारी मात्र बऱ्यापैकी टिकते, म्हणजे जो बाकीच्यांपेक्षा बडबड्या तो पुढेही साधारण बडबड्याच. पण समजा एका माणसाचा स्वभाव अगदी दगडावरची रेघ असला, तरी त्यावरून लाखो माणसांच्या अख्ख्या गटाचा स्वभाव एकच असतो हे कुठून आलं? ही उडी मेसेजवाल्याने गुपचूप मारलीय.

आता खरा मुद्दा. उलटं उदाहरण दिसलं की चुकीचा समज आपोआप गळतो म्हणे. नाही गळत, आणि गंमत म्हणजे का गळत नाही याचं एक मोठं कारण त्या मेसेजच्या पहिल्याच ओळीत बसलंय. शेरी लेव्ही, स्टीव्हन स्ट्रोस्नर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये हेच तपासलं. स्वभाव फिक्स असतो मानणारे आणि स्वभाव घडतो-बदलतो मानणारे, दोघांनाही समाजातले ठोकताळे, म्हणजे 'अमुक लोक असेच' छापाचे समज, माहिती सारखेच होते, पण ते खरे आहेत असं फिक्सवाले जास्त मानत होते. एखाद्या अनोळखी गटाबद्दल चिमूटभर माहिती दिली तरी हे लोक पटकन ठाम मत करून मोकळे. बरं, हे नुसतं जोडीने दिसलं असंही नाही, स्वभाव बदलत नाही असा लेख आधी वाचायला दिला तर ठोकताळ्यांवरचा विश्वास वाढत होता, म्हणजे धारणा हलवली की निकालही हलत होता.

पुढे २००१ मध्ये जेसन प्लाक्स आणि सहकाऱ्यांनी लोकांचं लक्ष कुठे जातं ते बघितलं. फिक्सवाल्यांचं लक्ष ठोकताळ्याशी जुळणाऱ्या माहितीकडे जास्त, बदलवाल्यांचा कल न जुळणाऱ्या माहितीकडे. म्हणजे उलटं उदाहरण समोर असतं हो, पण त्याच्याकडे नीट बघितलंच जात नाही, मग ते समज बदलणार कसं?

बघणं म्हणजे अगदी डोळ्यांनी बघणंसुद्धा. जेनिफर एबरहार्ट यांच्या २००३ च्या प्रयोगात कॉम्प्युटरवर तयार केलेला एक चेहरा होता, गोरा की काळा हे सांगता येणार नाही असा. काहींना सांगितलं हा काळा आहे, काहींना तोच चेहरा दाखवून सांगितलं गोरा आहे, आणि म्हटलं आता याचं चित्र काढा. चेहरा समोरच होता, आठवून काढायचा नव्हता, तरी फिक्सवाल्यांची चित्रं लेबलकडे झुकली. बदलवाल्यांची लेबलच्या उलट्या बाजूला झुकली, म्हणजे ते एकदम निर्मळ नजरेचे असंही समजू नका. तेव्हा 'पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव' हा शब्द जरा जपून वापरा, अनुभव घेतानाच लेबल आत शिरलेलं असतं.

तिसरा, अपवादाने नियम सिद्ध होतो. हा मला सगळ्यात भारी वाटतो कारण यात हरायची सोयच नाही. झिवा कुंडा आणि कॅथरिन ओलेसन यांचा १९९५ चा प्रयोग बघा. वकील म्हटला की बोलका, बिनधास्त असा समज, आणि वाचायला दिला एक लाजराबुजरा वकील. त्याच्याबद्दल बाकी काहीच सांगितलं नाही तेव्हा वकिलांबद्दलचं मत जरा तरी हललं. पण तो छोट्या फर्ममध्ये काम करतो एवढी माहिती जोडली की मत जागच्या जागी. बरं, म्हणाल छोट्या फर्ममध्ये असतील लाजरे लोक, तर दुसऱ्या गटाला सांगितलं मोठ्या फर्ममध्ये करतो, तिथेही तेच! लोकांना फक्त एक खुंटी हवी होती, या वकिलाला वेगळा टांगून ठेवायला. यात नियम कुठे सिद्ध झाला, तो फक्त वाचवला गेला.

चौथा, समज कधी बदललेच नाहीत. हे तर सरळ चूक. १९६६ ते १९७७ मध्ये ४,८०७ मुलांकडून शास्त्रज्ञाचं चित्र काढून घेतलं, त्यात बाई काढणारी मुलं किती, तर फक्त २८, म्हणजे एक टक्काही नाही. अमेरिकेतल्या पुढच्या, म्हणजे १९८५ नंतरच्या अभ्यासांत हेच प्रमाण सरासरी २८ टक्के झालं. तसंच टेसा चार्ल्सवर्थ आणि महजरीन बानाजी यांनी २००७ ते २०१६ मधल्या, मनातला छुपा कल मोजणाऱ्या ४४ लाख ऑनलाइन टेस्ट तपासल्या, त्यात समलैंगिकांबद्दलचा मनातला छुपा पूर्वग्रह साधारण एक तृतीयांशाने उतरला होता. म्हातारपण आणि अपंगत्वाबद्दलचा मात्र जवळपास तसाच राहिला.

मेसेजखाली काही जण अगदी दुसऱ्या टोकाला जाऊन उत्तर देतायत, की मनात आणलं तर माणूस काहीही बदलू शकतो. तिथेही जरा हळू. वजनाच्या बाबतीत 'हे तुझ्या हातात आहे' असं पटवलं की जाड माणसाला दोष देणंही वाढतं, हे संशोधनात दिसलंय. आणि त्याच ४४ लाख टेस्टमध्ये जाड लोकांबद्दलचा छुपा पूर्वग्रह कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. कारणं बरीच असतील त्याला, पण 'बदलू शकतो' वरून 'मग बदलला का नाही, आळशी मेला' इथे पोचायला लोकांना फार वेळ लागत नाही.