लाथ खाऊन बघ!

पाखाडी, म्हणजे वाडीतली पायऱ्यांची वाट, उतरताना उजवा पाय आत वळला, घोट्याच्या बाहेरच्या अंगाला कट्ट झालं आणि मी कुणा स्वर्गवासी गृहस्थांच्या स्मरणार्थ बसवलेल्या फरशीवर स्थानापन्न झालो. घटना एवढीच. त्यानंतर जो आला त्याचा पहिला प्रश्न एकच : "बघून चालूक नको?"

मी बघूनच चालत होतो. ज्यांनी बघायला हवं होतं ते फरशी पसंत करताना कुठे बघत होते, ते कुणी विचारत नाही. मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीची पाखाडी जांभ्या चिऱ्यांची होती. पावसात शेवाळ धरायची, मान्य. पण खरवडून ब्लीचिंग पावडर मारली की पाय ठरायचा. मग निधी आला. निधी आला की तो कुठेतरी गुळगुळीत दिसावा लागतो. आता जिथे म्हाताऱ्या बाया डोक्यावर भारा घेऊन उतरतात तिथे लग्नाच्या हॉलमधली फरशी आहे, आणि प्रत्येक पायरीवर देणगीदाराच्या वडिलांचं नाव. एखादा आणखी पडला की पुढच्या पायरीचीही सोय होईल.

असो. मासेवाल्या काकीने टोपलीतला बर्फ फडक्यात बांधून घोट्यावर ठेवला. त्या दिवशी मिळालेली ही एकमेव शहाणी मदत. बर्फ थेट कातडीवर नको, फडक्यातून, आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. मात्र बर्फाचाही भरवसा नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच, हे सूत्र १९७८ साली गेब मर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टराने मांडलं, आणि पुढे त्यानेच सांगितलं की बर्फामुळे बरं व्हायला उशीरही होऊ शकतो. आजही तो दुखणं कमी करायला लावतातच. माझ्या बाबतीत त्याला बांगड्याचा वास होता. शेजारचं मांजर दोन दिवस माझ्या पायाशी इतक्या भक्तिभावाने बसलं होतं की आईला गहिवरून आलं.

डॉक्टरने घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड दाबली, पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड दाबलं आणि म्हणाला, "चार पावलं चालून दाखवा." सप्तपदीतली तीन माफ. कॅनडातल्या ओटावात १९९२ साली डॉक्टरांनी हे नियम बसवले. हाड दाबून दुखत नसेल आणि माणूस चार पावलं टाकत असेल, तर फ्रॅक्चरची शक्यता फारच कमी, एक्स-रे लागत नाही. मी लंगडत का होईना, चाललो. निदान : बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलंय. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधा, दोन-तीन दिवस शेक नको, मालिश तर नकोच.

गावाची घोर निराशा झाली. "फोटो पण काढल्यान नाय? मगे कसलो डॉक्टर!"

आणि मग आबा आले.

आबा पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेले; अशा माणसाच्या लाथेने उसण जाते असा समज. वाडीत कुणाच्या कंबरेत उसण भरली की आबांना बोलावणं जातं. ते येतात, चहा घेतात, लाथ मारतात आणि दुसरा चहा घेऊन जातात. त्या दिवशी बोलावणं नव्हतं. तरीही ते धोतर वर खोचूनच पडवीत शिरले.

"सरळ कर पाय."

"आबानू, तुमची लाथ कंबरेक. ह्यो घोटो आसा."

"आरे, कंबर काय नि घोटो काय, शिरा सगळीकडे त्योच."

"डॉक्टरांनी हात लावूक नको म्हणून सांगितलानी."

"हात खय लावतंय? पाय लावतंय."

याला उत्तर नव्हतं. मी आईकडे पाहिलं. जिने मला लहानपणी साधी चापट मारली नाही, ती माउली म्हणाली, "मारूंदेत रे एक. ते इतके येळ काढून इले."

"तू घाबरतस कित्याक? मियां हळूच मारतंय."

"हळू मारलात तर गुण येतलो?"

"मगे जोरान मारतंय."

तोवर गडग्यापलीकडे प्रेक्षक जमले होते. एकाने मोबाइल आडवा धरला. सुजलेला, जांभळा, बँडेजमधला माझा पाय उंबऱ्यावर, समोर आबा एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्याचा नेम धरतायत. ज्या घोट्याला फक्त कुणी हात लावू नये एवढीच अपेक्षा होती, त्याच्यावर सार्वजनिक लाथेचा कार्यक्रम! संताप येत होता, आणि जवळच्याच माणसांवर येत असल्यामुळे गिळावा लागत होता.

तेवढ्यात दर्यावर ढग गडगडले.

पायाळू माणसावर वीज पडते, हाही आपल्याकडचाच समज. विद्या कंबरेची असली तरी भीती अख्ख्या देहाची. आबांचा वर उचललेला पाय तसाच घराच्या दिशेने वळला. मेघगर्जनेला एवढ्या मनापासून दाद मी कधी दिली नव्हती.

मग डॉक्टरने सांगितलेलं चालू केलं. अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायची. सूज उतरली तसं, एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायला टपलेला असतो म्हणून, एका पायावर उभं राहून तोल साधायचा. दात घासताना मी पडवीत बगळा होऊन उभा असे. येणारे-जाणारे विचारत, "नवस बोललस काय?"

गणपतीच्या आधी मी न लंगडता आबांच्या खळ्यात गेलो. तिथे मुंबईहून आलेले पाहुणे बसले होते. आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्येचो पाय बघा. लाथ मारूची पण गरज पडाक नाय. नुसती दाखवलंय."

पाहुण्यांपैकी एकाने लगेच कंबरेवर हात ठेवला. आतून चहा आला. मला नव्हता.