मेंढीचं तोंड, कोंबडीचं ताट

कोंबड्या आणि मेंढ्या एकाच आवारात पाळायला घेतल्या की पहिल्या आठवड्यातच कळतं, कोंबडीचं खाद्य कोंबडीपेक्षा मेंढीला जास्त आवडतं. समोर गुडघाभर गवत असो की गव्हाणीत वाळका चारा असो, बाईसाहेबांचं सगळं ध्यान खुराड्यातल्या त्या मूठभर भरड्यावर. एरवी पान हललं तरी बिचकणारं हे जनावर भरड्याची बादली खडखडली की वाघासारखं अंगावर येतं. माझा अर्धा दिवस मेंढीचं तोंड आणि कोंबडीचं ताट यांच्यात उभं राहण्यात जातो. उरलेला अर्धा, त्यांच्यामध्ये जे काही ठोकून ठेवलंय ते दुरुस्त करण्यात.

खाल्लं तर खाल्लं, एवढं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण मेंढीच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे चारा आंबवण्याचं पिंप. आतले जंतू सावकाश काम करणारे, धाटं-पानं पचवायला सरावलेले. त्यांच्या अंगावर अचानक किलोभर दळलेलं धान्य पडलं की भलतेच जंतू माजतात, आम्ल वाढतं आणि कारखाना बंद पडतो. मेंढी रवंथ सोडते, कोपऱ्यात मान टाकून उभी राहते, पातळ हगते आणि करकरा दात खाते. माणूस रागाने दात खातो, मेंढी पोटदुखीने. हे दिसलं की घरचा काढा उकळत बसायचं नाही, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवायचं. दिरंगाई झाली तर दिवस-दोन दिवसांत खेळ आटोपतो.

दुसरा धोका त्याहून लबाड. कोंबड्यांच्या तयार खाद्यात तांबं घातलेलं असतं. कोंबडीला ते चालतं. मेंढीचं यकृत मात्र जुन्या सावकारासारखं, आलेलं तांबं आत ठेवतं, बाहेर फारसं सोडत नाही. रोज चोरून दोन घास खाणारी मेंढी महिनोन्‌महिने ठणठणीत दिसते, उलट चकाकते, आणि आपण तिचं कौतुक करतो. मग प्रवास, आजार, विण्याचा ताण असं काहीतरी निमित्त होतं, साठवलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं आणि तांबड्या पेशी फुटू लागतात. डोळे पिवळे, लघवी काळपट लाल. तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरतं. म्हणून क्षारमिश्रण घेतानाही पिशवीवर ‘मेंढ्यांसाठी’ असं लिहिलेलं बघूनच घ्यावं. गाईचं उरलंय, संपवून टाकू, हा हिशेब महागात पडतो.

आता बांधकाम. खुराड्याला कोंबडीपुरता दरवाजा ठेवायचा, साधारण ३० सेंटीमीटर रुंद आणि ३५ उंच. मोठी मेंढी त्यातून आत जात नाही. मान जाते. आणि मेंढीला मान किती लांब असते याचा अंदाज, खाद्याचं भांडं दारापासून हातभर आत ठेवलेल्या माणसालाच येतो. भांडं निदान मीटरभर आत, शक्यतो कोपऱ्याआड हवं.

एवढं जमेपर्यंत कोकरं येतात. जिथून डोकं जातं तिथून कोकरू जातं. ते आत जाऊन पोटभर खातं आणि मग बाहेर यायची वाट विसरतं. आई बाहेरून बोंब ठोकते, आतल्या कोंबड्या छपराला टेकतात आणि अंड्यांची बेरीज त्या दिवसापुरती बंद. यावर माझ्या मते एकच खात्रीचा इलाज आहे. दार जमिनीपासून ६० सेंटीमीटर वर न्यायचं आणि पुढे फळी न मारता एकच गोल काठी लावायची. काठीवर कोंबडीची बोटं आवळतात, कोकराचा खूर घसरतो. जड अंगाच्या कोंबड्यांना अर्ध्या उंचीवर आणखी एक काठी द्यावी. त्या आधी रुसून खाली बसतात, मग भूक लागते, मग चढतात.

पाय ठेवला की झाकण उघडणारी भांडीही मिळतात. कोंबडी बिचारी त्या खटक्याच्या आवाजाला घाबरून चार दिवस उपाशी हिंडते. मेंढी पहिल्याच दिवशी त्यावर उभी राहते.

पाणी तेवढं सोपं. कोंबडीचं भांडं तिच्या पाठीच्या उंचीला टांगावं, म्हणजे त्यात माती उकरली जात नाही. मेंढ्यांची बादली वेगळी आणि उंचावर. तिच्या काठावर कोंबडी बसते आणि व्हायचं ते होतंच, तेव्हा ती रोज धुवायची.

उलटा गुन्हाही घडतो. कोंबड्या गव्हाणीत शिरतात, चारा उकरतात, त्यात अंडं घालतात आणि जाताना खूण ठेवून जातात. एकदा घाण लागलेल्या चाऱ्याला मेंढी तोंड लावत नाही. चिखलातलं डबकं पिणारं जनावर ताटाच्या बाबतीत इतकं सोवळं कसं, हे मला कळलेलं नाही. गव्हाणीवर उतरतं झाकण मारलं की प्रश्न निम्म्याने मिटतो. उरलेला निम्मा मेंढीच्या पाठीवर जाऊन बसतो, लोकर उबदार असते म्हणून.

दोघींची खरी गाठ पडते खुरं कापायच्या दिवशी. दोन-तीन महिन्यांतून एकदा हे करावंच लागतं, ओल्या जमिनीवर लवकर. खुराची कड वाढून तळव्याखाली दुमडली की त्यात चिखल अडकतो, आतलं कुजतं आणि मेंढी पुढचे गुडघे टेकून चरू लागते. चारा घालायच्या आधी पकडावी, भरल्या पोटी उताणी केली तर तिला धाप लागते. गाभण मेंढीला तर शेवटच्या दिवसांत पाडूच नये. डाव्या हाताने खालचा जबडा धरून मान तिच्याच कुशीकडे वळवायची, उजवा हात मागच्या फऱ्यावर दाबायचा आणि एक पाऊल मागे घ्यायचं. ती बुडावर बसते, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकते. अगदी सरळ बसवली तर माकडहाड टोचतं आणि ती लाथा झाडते. थोडी एका कुल्ल्यावर कलती ठेवली की आरामखुर्चीतल्या आजोबांसारखी शून्यात बघत बसते. मग कात्रीने दुमडलेली कड तळव्याच्या पातळीपर्यंत पापुद्र्या-पापुद्र्याने काढायची. आत गुलाबी झाक दिसली की थांबायचं, पुढच्या कापाला रक्त येतं.

आणि नेमकं तेव्हा, आपले दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे गुंतलेले असताना, कोंबड्या गोळा होतात. कापलेले तुकडे पळवतात. रक्ताचा थेंब दिसला तर तिथेच चोच मारतात, कारण लाल ठिपका दिसला की टोचायचा हा त्यांचा धर्म. आजोबा खाडकन जागे होतात, उठतात आणि चौथा खूर तसाच घेऊन निघून जातात. खुरं कापण्याआधी कोंबड्या कोंडाव्यात, हे वाक्य खरं तर मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही म्हणतात. आरवायचंही राहत नाही. २०१३ साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की सततच्या मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही अंगातल्या घड्याळावर पहाटेचा अंदाज घेऊन आरवतात. त्याचं काय करायचं हा शोध अजून बाकी आहे. शिवाय मेंढ्यांना त्या आरवण्याचा अर्थ फार लवकर समजतो. आता बादली येणार.

संध्याकाळी मात्र कोंबड्या शहाण्या. अंधार पडला की आपापल्या काठीवर चढतात आणि दाटीवाटीने बसतात. मोजायच्या तेव्हाच, दिवसा मोजणं म्हणजे उकळते तांदूळ मोजणं. एखादी कमी भरली तर ती गव्हाणीच्या झाकणाखाली खुडूक होऊन बसलेली असते. हात घातला तर चोचते, तरी उचलून आत ठेवायची.

मग दार. नुसती वर उचलायची कडी मेंढी ओठाने उघडते, तेव्हा आडवा सरकणारा बोल्ट लावायचा आणि त्यात स्प्रिंगचा हूक अडकवायचा. झाल्यावर एकदा हलवून बघायचं. आपण वळलो की मेंढीही येऊन हलवून बघते.